टाकीवरचे दाजी

बसा, वीज येईपर्यंत सांगतो. ऐकीव नाही हं. आपल्या खालच्या मजल्यावर फिटर राहायचा, त्याच्याच बाबतीत घडलेलं. बारा तारीख, मंगळवार, रात्रीचे नऊ.

लढाई तेव्हा शहराला येऊन भिडली होती. टेकडीवरची पाण्याची टाकी दोन फौजांच्या मधोमध. खाली पाइप फुटला म्हणून टाकीवरच्या वॉलमननं व्हॉल्व्ह बंद केला, आणि तेव्हापासून, चार दिवस, त्याचा फोन लागत नव्हता. फिटरनं खपून पाइप जोडला. इस्पितळात बाळंतिणींना प्यायला थेंब नव्हता. शेवटी नऊ ते दहा गोळी चालवणार नाही, असं दोन्ही फौजांनी लिहून दिलं आणि फिटर व्हॉल्व्ह उघडायला निघाला.

वॉलमन म्हणजे त्याचे सख्खे दाजी. मोठा वल्ली माणूस. शहर कुणाचंही होवो, चावी माझ्याच कमरेला, म्हणायचे. निघताना बहिणीनं फिटरला एवढंच बजावलं, की त्यांना घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.

चढावर चिटपाखरू नव्हतं. व्हॉल्व्हच्या खोलीचं दार उघडंच. आत मिट्ट काळोख. त्यानं बॅटरी काढली, तोच आतून दाजींचा आवाज आला. बॅटरी लावू नकोस, म्हणाले.

फिटरच्या जिवात जीव आला. ताई वाट बघतेय, असं तो सांगू लागला. दाजी म्हणाले, आधी पाणी. व्हॉल्व्हचं चाक कशानं तरी वाकलेलं, हलेना. दोघांनी दोन बाजूंनी धरलं. फिटरला धाप लागली.

दाजींना लागली नाही.

चाक फिरलं. पाइप घरघरला. पाणी उतरू लागलं.

“तू येणार म्हणून दोन्हीकडे कळवलंय ना?” दाजींनी विचारलं.

“कळवलंय. दोघांच्या सह्या आहेत.”



“माझंही कळवलं होतं...”

चला दाजी, म्हणत फिटरनं हात पुढे केला. हाताला... काही लागलं नाही.

त्यानं बॅटरी लावली.

मागची भिंत नव्हती. विटांत दाजी पालथे. चार दिवसांचे. जाकिटाच्या पाठीवर, लांबून वाचता यावं म्हणून, मोठ्या अक्षरांत ‘पाणीपुरवठा’. त्या अक्षरांतच दोन भोकं.

नऊ चाळीसला तोफा सुरू झाल्या. कुणाच्या, ते कुणीच कबूल केलं नाही. इस्पितळात अकरा मिनिटं पाणी आलं. मग पाइप पुन्हा फुटला, चार ठिकाणी. फिटर धडपडत एकटाच खाली आला. बहिणीनं दार उघडलं. त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. दाजींना खाली आणायची परवानगी मागितली होती. अजून मिळालेली नाही.

पाइप तसाच पडलाय. पण इस्पितळातली आया सांगायची, अंगणातल्या नळाखाली रात्री बादली ठेवली की सकाळी तळाशी ओंजळभर पाणी असतं. मला पटेना. काल पहाटे स्वतः जाऊन आलो.

नळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. जुनं. कुठंही न तुटलेलं.

बादलीत पाणी होतं.