दुसरा कीबोर्ड

चौथ्यांदा तेच झालं. कॉम्प्युटर सुरू होताच पडद्यावर दोन सिस्टीमची नावं उमटली, वर जुनं, खाली नवं. दहापासून आकडे उलटे पळाले आणि मशीन पुन्हा जुन्यातच शिरलं. राधाकृष्णकाकांनी कपाळावर हात मारला.

जुनं म्हणजे काकांच्या बायकोचं, सुरेखाबाईंचं. कोपरगावात पंचवीस वर्षं त्यांनी लग्नपत्रिका टाइप केल्या आणि दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर कावळा काही केल्या शिवेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा काका कळवळून म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरमधलं काही पुसणार नाही गं!" आणि शिवला की हो लगेच! आता शब्द दिला तो दिला. पण मेलबर्नच्या लेकीला, सृष्टीला, नववा लागलेला. मोबाईलवर तिचं तोंड काकांना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं आणि जुन्या सिस्टीमवर व्हिडिओ कॉल चालत नव्हता. म्हणून दुरुस्तीवाल्या आदिनाथनं जुनीला धक्का न लावता शेजारी नवी टाकून दिली होती.

"काका, बायोसमधी, म्हंजी मशीनच्या मूळ सेटिंगमधी जाऊन नवीला एक नंबरला आना आन् सेव्ह करा. लई सोपं हाय," आदिनाथ फोनवर म्हणाला.

"चारदा केलं रे बाबा. मी वर आणतो, ती परत खाली जाते."

"आतली बॅटरी गेली आसंल, मग सेटिंग ऱ्हात न्हाई आन् घड्याळबी चुकतं. घड्याळ बघा."

घड्याळ अगदी बरोबर होतं. त्याच पानावर खाली जोडलेल्या वस्तू दिसत होत्या: माऊस एक, कीबोर्ड दोन.

"दोन कुठले? माझ्याकडे एकच आहे."

"काही कीबोर्ड दोन दाखवत्यात. तुमी ते सोडा, उद्या येतो मी."

उद्या! सृष्टी साडेचारला समोर बसणार होती आणि चार वीस झाले होते. काका हट्टाला पेटले. एखादी कळ अडकत असेल म्हणून त्यांनी कीबोर्डची वायर उपसली, तो मांडीवर घेतला आणि माऊसनं पान उलटून परत आले.

माऊस एक. कीबोर्ड एक.

काकांनी मांडीवरची सुटी वायर उचलून पाहिली. तरी त्यांनी माऊसनंच नवं नाव वर नेलं आणि सेव्ह केलं. मशीन बंद होऊन सुरू झालं. दहा, नऊ, आठ.

आकडे आठवर थांबले. कळ दाबल्याशिवाय ते थांबत नसत.

पांढरी पट्टी सरकली आणि जुन्या नावावर जाऊन बसली. बाहेरून उसाची ट्रॉली गेली. घरात पंखा तेवढा वाजत होता.

"सुरेखा," काका पडद्याकडे बघून म्हणाले. "काही पुसलं नाही गं तुझं. पोरीला बघू दे मला. फार एकटं वाटतं गं."

मग पट्टी नव्या नावावर आली आणि नवी सिस्टीम सुरू झाली.

कॉल लागला. पडदाभर सृष्टी! किती दिवसांनी तिचं हसू दिसलं. काका लहान पोरासारखे रडले.

"बाबा, दिसतेय ना मी? अहो, रडताय काय!"

बोलता बोलता ती थांबली. खाली बघून काहीतरी वाचू लागली.

"बाबा, टायपिंग कधी शिकलात?"

काकांनी चष्मा सावरला. कॉलच्या कडेला मेसेजच्या चौकटीत लिहिलं होतं: जेवलीस का? पाठीवर झोपू नकोस. डाव्या कुशीवर झोप.

काकांनी मांडीवरच्या कीबोर्डची वायर मुठीत घट्ट धरली.

चौकटीत आणखी एक ओळ आली.

बाबांची काळजी करू नकोस. त्यांना मी आता एकटं ठेवणार नाही.