मद्रासला जाणारा डबा

ही घटना खरी आहे. आणि ती रात्रीची नाही, भर दुपारची आहे.

साल १९५८. मार्च सरत आलेला. बंगळूरचा मालधक्का.

ज्याच्या बाबतीत घडली तो उपेंद्र, माझा मावसभाऊ. त्याने ती आयुष्यात एकदाच सांगितली. मला त्याच्यासारखी सांगता येईल की नाही, शंका आहे. पण पदरचं काही घातलेलं नाही.

उपेंद्र बंगळूरमधल्या मल्लेश्वरमचा, तिथल्या जुन्या मराठी घरातला. धक्क्यावर कारकून होता. हंगामी. मे महिन्यात कायम होणार होता. घरी आई आणि दोन बहिणी. कमावता तो एकटा.

हुबळीकडून कापूस यायचा तो अरुंद रुळांवरून. मद्रासचे रूळ रुंद. म्हणून इथे प्रत्येक गाठ एका डब्यातून काढून समोरच्या डब्यात भरावी लागे. हमाल लोखंडी आकड्यांनी गाठी ओढत. डबा भरला की उपेंद्र दारात उभा राहून हाक मारी, "आत कोण आहे का रे?" मग दार बंद. कडीत तार. तारेवर शिशाचं सील.

सील लागलं की डबा मद्रासलाच उघडायचा.

त्या दुपारी सील लावून तो वळला, आणि...

ठक, ठक.

मग थोडं थांबून... ठक.

आतून. लोखंडावर लोखंड.

"देवाप्पा! आत माणूस राहिलाय!"

देवाप्पा हमालांचा मुकादम, निपाणीकडचा. त्याने दाराला कान लावला.

"काय बी न्हाई, अण्णा. ऊन लागलंय तुमास्नी."

उपेंद्रने सील तोडलं. एकूण एक गाठ खाली उतरवायला लावली. हमाल शिव्या घालत होते. शेवटी पिराजी नावाचा हमाल आत शिरला आणि चारी कोपरे बघून आला.

"आत उंदीर बी न्हाई, अण्णा. आज घरला गेल्यावर भागूला सांगतो, कारकुनानं एकच डबा दोनदा भरून घेतला!"

सगळे हसले. उपेंद्रही हसला. डब्याची गाडी चुकली.

आठ दिवसांनी... पुन्हा.

ठक, ठक. ठक.

पुन्हा सील तोडलं. पुन्हा सगळ्या गाठी खाली. डबा रिकामा.

या वेळी पिराजी हसला नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने तो उपेंद्रजवळ आला.

"अण्णा, मलाबी ऐकू आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून? मुकादम म्हणंल दोघंबी येडे." तो खांद्यावरचा आकडा चाचपत राहिला. "आकडा हाय त्यो, अण्णा. आमचा आकडा पत्र्यावर असाच वाजतो."

संध्याकाळी विश्वासरावांनी बोलावलं. ते हेडक्लार्क.

"उपेंद्रा, गाड्या तुझ्या कानांवर चालत नाहीत."

"सर, आतून ठोकत होतं."

"कोण?"

उपेंद्रने तुटकं सील टेबलावर ठेवलं.

"कोणी नाही. आणि त्या कोणी नाहीसाठी दोन गाड्या चुकल्या. आणखी एक सील तुटलं तर मे महिन्यात घरी बसायचं. आईला भाजी चिरून दे. सरी? कळलं ना?"

"सरी, सर."

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा पिराजी शेजारीच उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पिराजीने दारावर तळवा टेकवला... आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"लई जीव तोडून ठोकतंय, अण्णा."

उपेंद्रने सील तोडलं नाही.

डबा गेला. तीन रात्री त्याला झोप नाही. चौथ्या दिवशी मद्रासहून तार आली. गाठी बरोबर. तक्रार काही नाही.

त्याने तार पिराजीला वाचून दाखवली. पिराजी मोठ्याने हसला, बऱ्याच दिवसांनी.

"बगा! उगाच भ्यालो. आता परत वाजलं तर वाजू द्या."

आणि मग एप्रिलअखेरची ती दुपार.

डबा भरला. उपेंद्रने हाक मारली. उत्तर नाही. दार, तार, सील.

इंजिन यायला अजून वेळ होता.

ठक, ठक.

...ठक.

उपेंद्रने मागे वळून पिराजीला शोधलं. नुसतं त्याच्याकडे बघायचं होतं. तोही ऐकतोय एवढं कळलं की बरं वाटायचं.

पिराजी नव्हता.

"देवाप्पा, पिराजी कुठंय?"

"सकाळधरनं ताप हुता त्याला. न सांगता घरला गेला आसंल. माजलंय बेणं."

ठक, ठक. ठक. ठक, ठक. ठक.

आज थांबत नव्हतं.

कचेरीच्या दारात विश्वासराव हाताची घडी घालून उभे होते. त्याच्याकडेच बघत.

उपेंद्रचा हात सीलपर्यंत गेला. मग त्याने तो खिशात घातला.

वाजू द्या.

इंजिन लागलं. धक्का बसून डबे हलले. आवाज चाकांच्या खडखडाटात मिसळेपर्यंत येत राहिला.

संध्याकाळी पिराजीची बायको, भागुबाई, धक्क्यावर आली. नवरा अजून घरी आला नव्हता.

डब्यात कोण ठोकत होतं ते उपेंद्रला कळलं. त्याच मिनिटाला मद्रासला तार करता आली असती, वाटेतल्या स्टेशनांना करता आली असती. पण तार करायची तर ऐकूनही डबा का सोडला, ते सांगावं लागलं असतं.

त्याने तार केली नाही.

डबा वाटेत दोन दिवस उन्हात उभा होता. मद्रासला पाचव्या दिवशी उघडला, तेव्हा आत पिराजीचं प्रेत होतं. ताप भरल्यावर पिराजी गाठींच्या मागच्या सापटीत जाऊन झोपला होता.

भागुबाई पुन्हा आली. रडली नाही. हमालांच्या गर्दीतून सरळ उपेंद्रपुढे येऊन उभी राहिली.

"अण्णा, दार लावताना हाक मारली व्हती?"

"मारली होती."

"त्यानं ओ दिली न्हाई?"

सगळे बघत होते. देवाप्पा. विश्वासराव.

"नाही," उपेंद्र म्हणाला. "ओ आली नाही."

तिने मान हलवली.

"मग झोपेतच गेला म्हणायचा. बरं झालं. त्याला कळलं तरी न्हाई."

आणि तिने त्याला हात जोडले.

मे महिन्यात उपेंद्र कायम झाला. मद्रासहून आलेला कागद त्यानेच फाइलला लावला. त्यात लिहिलं होतं, दाराच्या आतल्या बाजूला शेकडो पोचे आहेत, आणि मयताच्या हातातल्या आकड्याचं टोक बोथट झालेलं आहे.

पुढे तीस वर्षं त्याने नोकरी केली. हजारो डबे सील केले. प्रत्येक डब्याला कान लावला.

आवाज पुन्हा कधीच आला नाही.

मी त्याला विचारलं होतं, पहिल्या तीन वेळा मग कोण ठोकत होतं?

उपेंद्र म्हणाला, "ते मला माहीत नाही रे. पण तिन्ही वेळा पिराजी डब्याबाहेर, धक्क्यावरच होता... आणि त्याचा आकडा त्याच्या खांद्यावर होता."