पिंडरांचा कोंडवाडा

चाळीस वर्षं मी औषधाच्या दुकानात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठी बदलली म्हणून आतलं औषध बदलत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. आडनावाचंही मी तसंच मानत आले. लग्नाआधी मी एव्हरिल फेअरब्रास होते, लग्नानंतर एव्हरिल पिंडर झाले आणि त्याने माझ्यात काडीचाही फरक पडला नाही.

सासूबाईंना हे पटत नसे. "पिंडर हे नाव नव्हे गं पोरी, काम आहे काम," त्या म्हणायच्या. इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशर परगण्यात जुन्या काळी मोकाट गुरं धरून कोंडवाड्यात घालणाऱ्याला पिंडर म्हणत. जनावर सोडवायला धन्याने स्वतः यायचं, 'हे माझं' म्हणायचं, मगच पिंडर कडी काढणार. पुढे काम गेलं, नाव राहिलं. कोंडवाडे गावोगाव, म्हणून पिंडरही गावोगाव. माझं लग्न झालं त्या वर्षी जिल्ह्याच्या फोनच्या पुस्तकात त्यांचा दीड रकाना होता, आणि आमच्या थॉक्सबीच्या दफनभूमीत दर तिसऱ्या दगडावर हेच नाव. आता गावात जिवंत पिंडर दोनच उरलेत, मी आणि माझा नवरा लायनेल. मुलगा नील लीड्सला असतो. त्याने लग्नात हौसेने बायकोचं आडनाव लावून घेतलं, तेव्हा लायनेल दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मी मात्र पोट धरून हसले होते.

गावचा कोंडवाडा चर्चसमोरच आहे. छातीइतकी उंच गोल दगडी भिंत, लाकडी फाटक, कडी बाहेरून. युद्धाच्या वर्षांनंतर तिथे जनावर कोंडलेलं कोणाला आठवत नाही. पंचायतीने आत एक बाक टाकलंय आणि डॅफोडिल लावलेत.

लायनेल आधी किल्ल्या विसरायला लागला. मग कुत्र्याचं नाव विसरला. मग कुत्रा मेलाय हे विसरला आणि त्याला शोधायला घराबाहेर पडू लागला. दोनदा पोलिसांनी आणून सोडल्यावर नीलने फोनवर मला ठणकावलं, "आई, बाबा आणखी एकदा हरवले ना, तर त्यांना लिंकनच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. तुझं काही ऐकून घेणार नाही मी." मला लायनेलला कुठेही पाठवायचं नव्हतं. बावन्न वर्षं आम्ही एका छपराखाली काढली होती आणि तो अजून मला ओळखत होता. सकाळी चहा नेला की "एव्हरिल, साखर विसरलीस," म्हणायचा. साखर मी घातलेली असायची. पण नाव तो बरोबर घ्यायचा, आणि त्यासाठी मी काहीही सोसलं असतं.

ऑक्टोबरात एका दुपारी मी चहा घेऊन येते तो खुर्ची रिकामी. तासभर धावाधाव केली. शेवटी शेजारच्या विनी स्क्रिमशॉला तो कोंडवाड्यात सापडला. बाकावर बसलेला, टोपी मांडीवर. फाटकाला बाहेरून कडी.

"कोणीतरी फिरायला आलं असेल, त्याने जाताना लावली असेल," विनी म्हणाली. मला पटलं. कोटाच्या खांद्यावर अंगठ्याएवढा लाल डाग होता. मी तो बोटाने चोळून पाहिला. गेरू होता, मेंढ्यांवर खूण करतात तसला. कुठेतरी टेकला असेल, म्हटलं.

नोव्हेंबरात बस चालवणाऱ्या रॉयस्टनचा फोन आला. लायनेल हमरस्त्यावर चाललाय, गावापासून तीन मैलांवर, आत्ताच दिसला. मी गाडी काढली आणि चर्चपाशी वळताना सहज मान वळवली, तर हा कोंडवाड्यात बसलेला. फोन ठेवून पाच मिनिटंही झाली नव्हती. आठवडाभर पाऊस होता, शेतं चिखलाने भरली होती. त्याचे बूट कोरडे होते. खांद्यावर पुन्हा तोच लाल डाग, तिथेच.

कडी निघेना. मी दोन्ही हातांनी ओढली. मग सासूबाईंचं बोलणं आठवलं आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी हळूच म्हटलं, "माझा आहे हा." कडी अलगद वर आली. गंजली असणार, ओढून सैल झाली असणार.

घरी येताना मी विचारलं, "तुला तिथे कोण घेऊन गेलं रे?"

"पिंडर."

"अरे वेड्या, पिंडर तूच ना!"

त्याने माझी कीव केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "मी कसा असेन? मी तर आत होतो."

त्यानंतर मी जे केलं ते कबूल करते. मी दाराला कुलूप लावणं सोडलं. तो गेला की मी हातातलं शब्दकोडं पुरं करायची, कोट चढवायची आणि सावकाश कोंडवाड्याकडे जायची. तो तिथे असायचाच. 'माझा आहे' म्हणायचं, कडी काढायची, हाताला धरून आणायचं. नीलला मी यातलं काही कळू दिलं नाही. सापडणार कुठे हे ज्याचं ठाऊक आहे तो हरवलेला नव्हे, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर मला बरं वाटत होतं. माझ्याखेरीज आणखी कोणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवून होतं.

फेब्रुवारीत मी तापाने फणफणले. दुपारी लायनेल गेल्याचं कळलं, पण उठवेना. मी विनीला फोन केला. "अगं, तिथेच असेल बघ तो. आणतेस का जरा?"

विनी त्याला घेऊन आली, छत्री झटकत. सात वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते, कोणाच्याही हाकेला धावते. "बाई गं, काय घट्ट कडी ती! आणि भिंतीमागून कोणीतरी विचारलं, हे कोणाचं? पंचायतीचा माळी असेल मेला, खाली वाकलेला. भर पावसात कुठे सगळी कहाणी सांगत बसू? म्हटलं, माझंच आहे बाबा! तर निघाली की कडी."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला खोकला आला.

त्या संध्याकाळी लायनेल खुर्चीत बसला नाही. विनीच्या घराकडच्या खिडकीपाशी उभा राहिला.

सकाळी तो नव्हता. मी अंगात ताप घेऊन कोंडवाड्याकडे गेले. फाटक सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं.

तो विनीच्या स्वयंपाकघरात टोस्ट खात होता.

मी हात धरला, तो मुकाट्याने आला. तासाभरात परत तिकडे. असं आठवडाभर चाललं. विनी रडकुंडीला आली. "मी काही केलं नाही गं एव्हरिल. ने ना त्याला. दार लावून घेतलं तर पायरीवर बसून राहतो थंडीत, काय करू मी?"

नील येऊन बघून गेला. बाबा आता कुठे भटकत नाहीत, जेवतात, विनीच्या साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो तेही त्यांना आठवतं. तो खूश झाला. "वृद्धाश्रमाचं राहू दे आई. सुखात आहेत ते." हेच मला ऐकायचं होतं.

मी एकदा त्याला कोंडवाड्यात नेलं. बाकावर बसवलं, बाहेरून कडी घातली आणि गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले, "माझा आहे हा! माझा!"

भिंतीमागून कोणी काही विचारलं नाही. कडी बोट लावताच निघाली. लायनेल माझ्या बाजूने बाहेर पडला आणि विनीच्या घराकडे चालू लागला.

गेल्या गुरुवारी चारच्या सुमाराला मी विनीच्या फाटकाशी गेले. तो वाटेवरची पानं झाडत होता. मला बघून त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि टोपी काढली.

"लायनेल," मी म्हटलं. "मी एव्हरिल."

त्याने आठवायचा मनापासून प्रयत्न केला. मग तो पुढे आला आणि फार मायेने माझा कोपर धरला.

"वाट चुकलात का बाई? घाबरू नका. बसा इथे जरा. अंधार पडायच्या आत कोणी ना कोणी येतंच न्यायला."

मी बसले. उन्हं चर्चमागे गेली होती. मला न्यायला कोण येईल, हे मी आठवून पाहत होते.