नायिका पळत येते तो सीन

सौंसरच्या बसस्टँडमागे शूटिंग चाललंय हे ठाऊक असतं, तर अमिता त्या बोळातून गेलीच नसती. पण ती गेली, आणि हिरोच्या ऐन डायलॉगमध्ये तिची कुबडी टक-टक वाजली.

कॅमेऱ्यामागून एक दाढीवाला वैतागून बाहेर आला... आणि तिला बघून त्याचा वैताग कुठल्या कुठे पळाला. हा कुलदीप. लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरायचा आणि हौसेनं यूट्यूबसाठी सिनेमे करायचा.

"आवाज आला न माइकमध्ये," तो म्हणाला.

"मंग? पाय घरी ठेवून येऊ का मी?"

तो हसला. अमिताही हसली, आणि तिथेच घात झाला.

त्याच्या पुढच्या सिनेमातली नायिका पायानं अधू होती. नटीला कुबडीवर चालायला शिकवा, असं निमित्त काढून तो सौंसरहून थेट पांढुर्ण्याला, अमिताच्या शिवणकामाच्या दुकानात आला. नटी एकदाच आली. हा मात्र रोज. तिच्या केसात अडकलेला दोरा काढताना त्याचा हात जरा जास्तच रेंगाळायचा... आणि मशीन उगाचच जोरात धावायचं.

"तुमची हिरोईन सारखी रडतच काहून राहते?" एकदा तिनं विचारलं. "मी दिसली का कधी रडताना?"

"लोकायले रडणारी लागते."

"अन् तुम्हाले?"

त्याचे कान लाल झाले. त्या लाल कानांवर अमितानं कितीतरी स्वप्नं पाहिली.

मग एका संध्याकाळी त्यानं मोबाइलवर शेवटचा सीन दाखवला. हिरो नवस बोलतो, नायिका कुबडी फेकते आणि पळत येऊन त्याच्या गळ्यात पडते.

"नसती पळाली तर?" अमिताचा आवाज बारीक झाला. "नसतं केलं त्यानं लग्न?"

कुलदीप घुटमळला. "अमिता... जामसांवलीच्या मारुतीले मी बी नवसाचा नारळ बांधला. तुह्यासाठी. तुहा पाय बरा झाला का आईले सांगतो आपलं. नाहीतर ते नाहीच म्हणंन."

हेच ऐकायला तिचा जीव आसुसला होता. आणि आलं ते असं... त्याचे डोळे खरोखर भरले होते. तिला राग यायला हवा होता. पण त्याचा हात धरावासा वाटत होता, आणि त्याचंच जास्त दुखत होतं.

"बरी व्हायले मी आजारी थोडीच आहो," ती म्हणाली.

"पण आई—"

"आईले तुम्ही भेता, अन् नाव माह्या पायाचं."

त्यानं मोबाइल खिशात घातला.

"कुलदीप, मले पळत यायचंच नव्हतं. माह्या चालीनं मी येऊनच राहिली होती तुमच्याकडे. तुम्ही फक्त थांबायचं होतं."

तो निघून गेला. दुकान बंद करायची वेळ झाली, तरी अमिता दार उघडं ठेवून बसून राहिली.