बुढापाऱ्यातला न हलणारा स्कोअर

"भुताले भेटाचं तर भर दुपारीच जा लागते," ऋता म्हणाली. "संध्याकाळी ते खेळतच नाही."

"काहून? ऊन लागत नाही का त्याले?" नागपूरहून सुटीत आलेल्या तिच्या आतेभावाने, स्वानंदने विचारलं.

बुढापारा मोहल्ल्यातल्या त्या बंद टेनिस कोर्टावरून उडताना कावळेसुद्धा श्वास रोखून धरत, म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी, शेजारच्या तलावाचं पाणीही पेंगत असताना भिंतीआडून आवाज यायचा. टप्प... टप्प... मग धाड्! पुढे नुसती शांतता. चेंडू कधी परत यायचाच नाही.

क्लबचे सेक्रेटरी शंकरकाका मात्र या भुतावर खूश होते. "सोमवारी कोर्ट खोदून लग्नाचं लॉन करतो. भूत नाही असं कोणी दाखवलं, तर कोर्ट राहील. सबके सामने बोलून राहिलो," असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आत जाऊन बघणार कोण? ऋताचा जीव मात्र खालीवर होत होता. ती टेनिस शिकली ती याच कोर्टावर.

भिंतीच्या भगदाडातून दोघं आत सरकली. लाल मातीवर पाय घसरत गेल्याच्या लांबलचक खुणा होत्या.

"भुताचे पाय जमिनीले टेकत नाहीत ना?" ऋता कुजबुजली.

"आमच्या नागपुरात टेकतात," स्वानंदचे दात वाजत होते.

तेवढ्यात टप्प... टप्प... पांढरे कपडे, करडे मोकळे केस. त्या आकृतीने सर्व्हिस केली, पलीकडच्या रिकाम्या बाजूकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "फोर्टी-थर्टी." पुन्हा सर्व्हिस. पुन्हा तेच, "फोर्टी-थर्टी." स्कोअर हलतच नव्हता.

स्वानंदने ऋताचा दंड गच्च धरला. ऋता मात्र उभी राहिली. "पद्मिनी घाटे! क्लबमध्ये फोटो आहे तुमचा!"

बाई दचकल्या. "कोणाला सांगू नकोस गं. लोकांना वाटतं, मी परदेशात टेनिस शिकवते. इथेच जवळ, तेलीबांध्याला लपून राहते मी." त्या खाली बसल्या. "शेवटची मॅच. फोर्टी-थर्टीवर होते, एक पॉइंट मिळाला की जिंकले असते. खांदा निखळला, मॅच सोडून निघाले. पण ती काही मला सोडत नाही."

"पण ताई, समोर कोणी नसल्यावर पॉइंट संपेल कसा?" ऋताने विचारलं. "आणि हे कोर्टच सोमवारी खोदून राहिले. मग?"

"उद्या तू समोर उभी राहा, मग येऊ दे कोणालाही," बाई उठत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी "भूत दाखवतो" म्हणत स्वानंद शंकरकाकांना घेऊन आला. काकांच्या हातात पिशवीभर लिंबं, मागे अर्धा मोहल्ला. कुलूप उघडलं. मधोमध पांढरी आकृती! काका मंत्रच विसरले.

"अरे, ही तर आपली पद्मिनी!" गर्दीतली एक आजी म्हणाली.

गर्दी बघून पद्मिनीताई दोन पावलं मागे सरकल्या. क्षणभर वाटलं, पळून जातील. पण समोर ऋता रॅकेट घेऊन वाकून उभी होती. "फोर्टी-थर्टी," ताई म्हणाल्या. धाड्! ऋताने डोळे मिटूनच रॅकेट फिरवली. चेंडू जाळीला घासून ताईंच्या बाजूला टपकला. ताई धावल्या, मातीवर घसरल्या, पोचल्या नाहीत.



"ड्यूस," ताई हळूच म्हणाल्या, आणि खदखदून हसायला लागल्या. "बरोबरी!"

"शाबास रे पोट्ट्यांनो," शंकरकाकांनी घाम पुसला. "जबान दिली होती. कोर्ट राहील."

"मग शंकरभाऊ, लिंबं आणलीच आहेत तर पोरांसाठी सरबत करा," पद्मिनीताईंनी चेंडू उचलला. "आमचा गेम अजून संपला नाही."