ताईचा पंचकोन

काम तसं अर्ध्या तासाचं होतं. प्रदर्शनासाठी एकविसाव्या पाटीचा एक ठसा काढायचा, वाळायला टांगायचा आणि घरी यायचं. मुद्राचित्रकारानं आयुष्यभर हेच तर केलं होतं. तांब्याच्या पाटीवर कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओला कागद अंथरायचा आणि दाबयंत्राचं चाक फिरवायचं. हात आपोआप चालत. तरी त्या दुपारी तळघरातल्या कार्यशाळेची कडी काढताना तो अडखळला. ताई गेल्याला तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून तो इकडे फिरकला नव्हता.

ताई ही त्याची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची. शाळा सुटली की कार्यशाळेच्या मागच्या खोलीत आलेखाच्या वह्या पसरून बसायची. तरुणपणी एकदा तिनं त्याला पाच बाजूंचा एक वेडावाकडा आकार काढून दाखवला होता.

"हा शेजारीशेजारी कितीही मांडत जा, बाळ्या. फट राहायची नाही."

खरंच राहिली नाही. त्या पंचकोनातून त्यानं चिमण्या काढल्या, मुखवटे काढले, एकमेकांत गुंतलेले हात काढले. बघता बघता त्याचं नाव झालं. गणिताला डोळे देणारा कलावंत म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. वीस पाट्या झाल्या. विसांच्याही आकृत्या ताईच्या होत्या, आणि एकाही ठशाखाली ताईचं नाव नव्हतं.

तिनं एकदाच विषय काढला. "कोपऱ्यात बारीक अक्षरांत घातलंस तरी चालेल रे."

"कोरतो मी, ताई. तुझ्या वहीतली आकडेमोड भिंतीवर कोण टांगणार?"

तिनं वही मिटली. एकविसावी पाटी मग त्यानं एकट्यानं केली, हट्टाला पेटून. दाटीवाटीनं झोपलेली माणसं. पण काही केल्या जुळेना. मध्यभागी फट उरलीच, तेव्हा तिथे गडद सावली कोरून त्यानं ती झाकली. कच्चा ठसा पाहून मित्रांनी वाहवा केली. ताईनं मात्र नेमकं त्या सावलीवर बोट ठेवलं.

"हे बसलेलं नाही. तू दडपून बसवलंयस."

त्यावर तो तिच्याशी बोलेनासा झाला. राग निवळायच्या आतच ती गेली.

तळघरात भरदुपारीही दिवा लावावा लागे. टर्पेंटाइनचा जुना वास भिंतींत मुरला होता. त्यानं शाई भरली, चाक फिरवलं, कागद कोपऱ्यातून हलकेच उचलला... आणि थबकला. मधली सावली उमटलीच नव्हती. तिथे पांढरीफटक फट होती, चव्हाट्यावर मांडल्यासारखी.

त्यानं पाटीवर बोट फिरवलं. सावलीचा खरखरीतपणा बोटाला नीट लागत होता. शाई कमी पडली असेल, असं म्हणत त्यानं पुन्हा शाई लावायला घेतली. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. कागदावर शिसपेन्सिल चालावी तसा. खस... खस... मग खोडरबर. आणि मग एक हलकी फुंकर, खोडरबराचा चुरा उडवावा तशी.

"कोण आहे?"

आवाज थांबला नाही. टर्पेंटाइनच्या वासात आता खडूचा वास मिसळला होता. मागच्या खोलीचं दार लोटायला तो गेला नाही. हातांना तेवढं काम ठाऊक होतं. त्यानं चाक फिरवलं.

दुसऱ्या ठशात फट अरुंद झाली होती. झोपलेल्यांपैकी एकानं कोपर आत ओढून घेतलं होतं.

त्यानं तिसरा ठसा उचलला. फट गेली होती. तिच्या जागी आणखी एक माणूस झोपलं होतं, त्यानं कधीच न कोरलेलं. पाठमोरी बाई. पाठीवर ताईची असायची तशी एकच वेणी. डोकं, खांदा, गुडघा, सगळं शेजाऱ्यांना असं चपखल भिडलेलं, की केस शिरायला जागा नाही. पाटीवर मात्र अजूनही तीच सावली होती.

जिन्यात पावलं वाजली. प्रदर्शनाची व्यवस्था पाहणारी बाई ठसा पाहायला आली होती. तो पाहून ती जवळ सरकली.

"सर... हे तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. ही पाठमोरी कोण?"

मागच्या खोलीतली पेन्सिल थांबली. कुणीतरी कान देऊन बसावं तशी. सहीसाठी धरलेली पेन्सिल त्याच्या बोटांत होती आणि ठशाखाली जागाही भरपूर होती. दोन नावं सहज मावली असती.

"कुणी नाही. जागा भरायला काढलीय," तो म्हणाला. आणि त्यानं आपलं एकट्याचं नाव लिहिलं.

आत वही मिटल्याचा आवाज आला.

त्या चित्राला पहिलं पारितोषिक मिळालं. सत्काराचा हार त्यानं गळ्यातून लगेच उतरवून ठेवला. त्यानंतर त्याला एकही रेघ धड मारता आली नाही. पाटीवर सुई टेकवली की हात जड होई.

तीन आठवड्यांनी सकाळी प्रदर्शनाच्या त्या बाईचा फोन आला.

"सर, तुमच्या चित्राच्या काचेवर वाफ धरतेय. आतून."

"दमट हवा असेल."

"बाकीच्या काचा कोरड्या आहेत. आणि ही वाफ येते... जाते. येते... जाते. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. मी चित्रासमोरच उभी आहे. थांबा, फोन आता स्पीकरवर टाकते."

"मग पुसून टाका ना!"

पलीकडे तिची पावलं काचेजवळ गेली.

"सर... तुमचा आवाज ऐकल्यापासून ती वाफ थांबलीय. श्वास रोखून धरावा तशी."