दोघांसाठी तीन टाक्या

अगं, तो दिवा जरा इकडे सरकव. नकाशाचा हा कोपरा दिसत नाही, आणि पाचवं तळं नेमकं इथेच आहे. हां, बस्स. बटणं मात्र हलवू नकोस हं. एक बटण म्हणजे एक पाणी. ही पाण्याने भरलेली दगडखाण, हे बुडालेल्या पुलाचं धरण, ही बंद पडलेली खाण. मधे हा घाट आहे म्हणून इथे एक मुक्काम जास्तीचा. खोल पाण्यातून वर आल्यावर लगेच गाडी डोंगरावर घ्यायची नाही, अंगात साठलेली हवा त्रास देते. तुझ्या नवऱ्याला हे दर वेळी सांगावं लागतं.

मघाशी विचारलंस ना, "ताई, गेल्या वर्षी तुम्ही दोघंच गेलात, मग टाक्या तीन का नेल्या?" आणि तुझा नवरा चहा करायच्या निमित्ताने पळाला. पळणारच तो. लग्न होऊन चार महिने झाले तरी बायकोला हे सांगायची त्याची हिंमत नाही. मोठी बहीण आहेच मग.

तर ऐक. काका म्हणजे आमचे सख्खे काका नव्हेत. ज्यांनी आम्हा दोघांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं ते. अख्खा क्लब त्यांना काकाच म्हणायचा. सुटलेलं पोट, बोटात जाड लोखंडी अंगठी. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाच्या टाकीपाशी यायचे, व्हॉल्व्ह किंचित उघडून हवेचा वास घ्यायचे आणि अंगठीने टाकीवर दोन ठोके मारायचे. टक् टक्. म्हणजे जा. ठोके नाही मारले, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडून टाकी तिथेच रिकामी करायचे, एक शब्द न बोलता. मग वाद घालायचा नाही, घरी जायचं.

एकदा एका मास्तरांची टाकी त्यांनी अशीच रिकामी केली. मास्तर हा एवढा धिप्पाड माणूस, चिडून लालबुंद झाला. आठवड्याने कळलं, त्यांच्या हृदयाला भोक आहे. "काका, टाकीत काय खोट होती?" मी विचारलं. "टाकी ठीक होती गं," म्हणाले. "माणूस ठीक नव्हता."

ही सात पाणी त्यांच्याच वहीतली. "समुद्रात काय, कुणीही उतरतं. जमिनीच्या पोटातलं पाणी बघा," असं म्हणायचे. स्वतःला मात्र जमलं नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात वही माझ्या हातात दिली. "जा दोघं. मी आहेच," म्हणाले. मला वाटलं, माणूस बरं वाटावं म्हणून बोलतो तसं बोलले.

मग आम्ही दोघं याच टेबलाशी बसून आखणी करायला लागलो. अडचण एकच. आडगावात टाक्या भरून कोण देणार? तुझ्या नवऱ्याने पेट्रोलवर चालणारा एक कॉम्प्रेसर कुठून तरी पैदा केला. त्याचा आवाज असा, की शेजारच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी खिडकीतून डोळे वटारले. म्हणून आम्ही शहाण्यांनी काय करावं? कॉम्प्रेसर मागच्या शेडमध्ये नेला, दार घट्ट लावलं आणि आपण बाहेर उभे राहिलो. तीन टाक्या भरल्या. दोन आमच्या, एक जादा, अडीअडचणीला.

टाक्या या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तिसऱ्या प्रहरी आम्ही नकाशावर वाकलेलो, आणि मागून आवाज आला. सूंऽऽऽ...

तिन्ही टाक्या एकदम सुटल्या होत्या. व्हॉल्व्ह पूर्ण उघडे.

"तूच नीट बंद केले नाहीस," तो म्हणाला. मी म्हटलं, तूच. आमचं ते नेहमीचंच. पुन्हा शेड, पुन्हा दार, पुन्हा भरल्या. दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी एकटीच इथे बटणं लावत होते. माझं तोंड टाक्यांकडेच होतं. व्हॉल्व्हची मूठ हळूच फिरायला लागली. आधी पहिलीची. मग दुसरीची. मधे थोडं थांबून, पोट सुटलेला माणूस पुढच्या टाकीपाशी वाकायला जेवढा वेळ घेईल तेवढं थांबून, तिसरीची... खोलीत ओल्या रबराचा वास भरला होता, आणि आमचे सूट तर अजून कपाटात कोरडे होते.

तुझ्या नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. पण हसताना त्याचा चेहरा उतरला होता, म्हणून मग हट्टालाच पेटला. तिसऱ्यांदा भरल्या, गाडीत ठेवल्या, गाडीला कुलूप, किल्ली खिशात. "उद्या सकाळी गावाबाहेरच्या खाणीत उतरून बघतो. काही होत नाही."

सकाळी खाणीच्या काठावर पाणी इतकं शांत होतं की मला ते बघवेना. तो सूट चढवून, मास्क कपाळावर घेऊन तयार. आणि मला एकदम लक्षात आलं, आपण दोघं उगीचच थांबलोय. सवयीने. दोन ठोक्यांसाठी.

"ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "वाजले नाहीत ना..."

"नाहीत."

त्याने टाकीला हवेच्या दाबाचा काटा लावला. शून्य. दुसरी शून्य. तिसरीही. कुलूप जसंच्या तसं, किल्ली त्याच्या खिशात. माझा एवढा दांडगा भाऊ तिथेच दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तिथून थेट क्लबातल्या फिटरकडे गेलो, कॉम्प्रेसर घेऊन. तो म्हणाला, "कुठे ठेवून भरता?" शेडमध्ये, दार लावून, असं सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. "अहो, इंजिनचा धूर शेडमध्ये कोंडतो आणि तोच परत आत ओढला जातो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, चव नसते. ही हवा घेऊन खाली गेला असता तर पाण्यात झोप लागली असती. वर आलाच नसता."

तुझं लग्न तेव्हा ठरायचं होतं. तुला ठाऊकही नव्हतं, की तुझं काय जाणार होतं. मी त्या दिवशी घरी येऊन या भिंतीसमोर हात जोडले. अजून रोज जोडते. भीती वाटते का? वाटते की. पण भीतीहून उपकार मोठे आहेत गं.

मग टाक्या मोकळ्यावर, वाऱ्याच्या बाजूला नळी धरून भरल्या आणि निघालो. पहिल्या पाण्याच्या काठावर डिकी उघडली. टक् टक्... टक् टक्... टक् टक्. तीनदा. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही हसत, डोळे पुसत पाण्यात उतरलो. चाळीस मिनिटांनी वर आलो. तिसरी टाकी गाडीतच होती, तिच्या तोंडावरची चिकटपट्टीही शाबूत. काटा लावला तर दोनशेची एकशेवीस झालेली. काका नेहमी मिरवायचे, "चाळीस मिनिटांत मला ऐंशीच लागते. तुम्ही पोरं हवा पिता." सातही पाण्यांत तसंच. म्हणून तीन.

आता यंदाचं सांगते, आणि माझा हात धर.

यंदा तू येणार, म्हणून चार टाक्या. फिटरनेच भरल्या, मीटर लावून दाखवला, हवा अगदी स्वच्छ. चारही टाक्यांवर नावाच्या पट्ट्या लावल्या. काल दुपारी ठोके आले. माझी, त्याची, काकांची. चौथीच्या ठोक्यासाठी मी कान देऊन बसले आणि... सूंऽऽऽ. तुझी.

पुन्हा भरून आणली, व्हॉल्व्ह बदलला. संध्याकाळी रिकामी. आज सकाळी ती पुन्हा भरून आणली आणि तुझ्या नावाची पट्टी काढून माझ्या टाकीवर लावली, माझी तुझ्या टाकीवर. दुपारी तुझ्या नावाची, म्हणजे माझी जुनी टाकी रिकामी, तुझी जुनी भरलेली.

अशी पांढरीफटक पडू नकोस. मास्तरांचं वेळेवर कळलं, ते आज नातवंडं खांद्यावर घेऊन फिरतात. उद्या दहा वाजता डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी बरोबर येते. काय असेल ते असेल, आपल्याला वेळेवर सांगणारं कुणीतरी आहे. सात पाणी कुठे पळून जात नाहीत. बटणं राहू देत मांडलेली.

काय गं? टेबलावर तू ठोकलंस का आत्ता?

नाही... तुझे दोन्ही हात तर माझ्या हातात आहेत.

एकच वाजला ना? दोन म्हणजे जा. वाजलाच नाही, तर घरी जा. एक ठोका काकांनी कधीच कुणाला दिला नव्हता.

थांब, बोलू नकोस. दुसरा ऐकू दे.